पेपरच्या दिवशीचा चहा

कुठल्याही नव्या जागी गेले की मी आधी संडास कुठे आहे ते पाहून ठेवते. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, नाही तर देऊळ. माझा मुलगा चिडवतो, "आई देवाच्या आधी मोरीचं दर्शन घेते." हसू दे बापड्याला. त्याला त्याच्या मनासारखं शिकता आलं, नोकरी लागली, आता लग्न ठरलं. सुरतेत साड्यांच्या घड्या घालून माझा संसार झाला, या शहराचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी विसरायची नाही. पण दहावीचा विषय निघाला की अजून माझ्या घशाशी कडू येतं. शाळा का सोडली असं कोणी विचारलं की मी "परिस्थिती" म्हणून मोकळी होते. परिस्थिती म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. खरं म्हणजे आमची परिस्थिती तेवढी वाईट नव्हती. खाऊनपिऊन बरे होतो. कारण वेगळंच होतं, आणि ते असं आहे की ऐकणारा तोंडावर हात धरून हसेल. म्हणून इतकी वर्षं सांगितलं नाही. लिहिताना समोर कोणी हसत नाही, तेवढी सोय आहे.

वऱ्हाडात इंझोरी गावापासून आत कच्च्या रस्त्यानं गेलं की आमची वस्ती. घरं थोडी आणि गोठे जास्त. सकाळी पहिला आवाज यायचा तो मायच्या बांगड्यांचा आणि चुलीत फुंकर मारल्याचा, त्यानंतर कोऱ्या चहाचा वास. दूध विकायला जायचं, त्यामुळे चहा काळाच, गुळाचा, आणि मोठ्या गडव्यात, म्हणजे तांब्यात, उकळून पार कडू झालेला. त्यात रात्रीची भाकर कुस्करून खायची. संडास घरात नव्हता, वस्तीत कोणाकडेच नव्हता. बाया पहाटेच्या अंधारात जायच्या आणि मग थेट दिवेलागणीनंतर. मधला सगळा दिवस घराबाहेर असलं की कोरडा काढायचा. माय सांगायची, "बाईच्या जातीनं पानी पेतानी इचार करा लागते." ती स्वतः निंदणाहून उन्हातून आली तरी घोटभर पाण्यानं नुसतं तोंड ओलं करायची आणि उरलेलं तुळशीत टाकायची.

तिची दुसरी शिस्त अशी की घराबाहेर पाय टाकायच्या आत आम्हा बहिणींना परसात नहाणीच्या तुराट्यांच्या ताटीमागं पिटाळायचं. "माय, लागली नाही न मले," म्हटलं तर म्हणायची, "लागली असन नसन, जाऊन घे. वाटंनं कोठी बसशीन?" मग आम्ही बसायचो, आणि लहान होतो तोवर माय शेजारी उभी राहून लोट्यानं दगडावर बारीक धार धरायची आणि तोंडानं "सूंऽऽ" करायची, तान्ह्या पोराला पायावर घेऊन करतात तसं. त्या आवाजानं व्हायचीच. मी मोठी झाल्यावर तिनं सूं करणं सोडलं, पण माझ्या अंगानं काही सोडलं नाही. शेजारणीनं हंडा भरायला घेतला, कोणी बैलाला पाणी ओतलं, तरी माझ्या ओटीपोटात कळ उठायची.

खूप वर्षांनी सुरतेत एका डॉक्टरीण बाईंनी मला यातलं गणित समजावून सांगितलं. त्या गुजराती, मी वऱ्हाडी, मधे मोडकी हिंदी. त्यांच्यापाशी रांग मोठी असायची, तरी त्या माझ्याशी बसून बोलल्या, त्यांचे आभार मी कसे मानू. त्या म्हणाल्या, लघवीची पिशवी जनावरासारखी आहे, लावाल तशी सवय लागते. पाण्याच्या आवाजावर सोडायला शिकवलं तर ती म्हातारपणीसुद्धा त्या आवाजाला ओळख देते. आणि लागलेली नसताना दर वेळी रिकामी केली, तर तिला अर्धं भरलं तरी पुरं भरल्यासारखं वाटायला लागतं. हे ऐकून मी घरी आले आणि मायवर फार चिडले. माय तेव्हा जिवंत नव्हती. मग वाटलं, तिला तरी कोणी सांगितलं होतं?

बाबांना माझ्या शिकण्याचं मोठं कौतुक. दहावीपर्यंत पोचलेली आमच्या वस्तीतली मी पहिली पोट्टी. मी रोज पायी इंझोरीला शाळेत जायची, आणि बाबा पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची निर्मला निबंद असा लिह्यते का मास्तरच वाचत राह्यते." तेवढं मात्र खरं होतं. गणितात मी बेतास बात, पण निबंध म्हटला की माझा हात थांबायचा नाही. बाबांनी ठरवूनच टाकलं होतं की पोरगी पुढे डीएड करणार, मास्तरीण होणार, खुर्चीवर बसणार. मला दुसरं काही नको होतं. खुर्चीवर बसलेली बाई मी तोवर एकच पाहिली होती, लस टोचायला यायची ती नर्स.

परीक्षेचं केंद्र कारंज्याला आलं. पहिला पेपर मराठीचा. त्या दिवशी माय कोंबड्याच्याही आधी उठली आणि नेहमीच्या एका कपाऐवजी मला भरून गडवाच दिला. "पे, झोप उडन." मग परसात धाडलं. जीप फाट्यावरून मिळायची. मार्च असला तरी पहाटे आमच्याकडे गारठा असतो, त्यात जीपला बाजूचे पडदे नाहीत. बाबांच्या आडोशाला मी काखेत हात घालून बसले होते आणि अर्ध्या वाटेवरच पोटात पहिली कळ आली. अंग गारठलं की लघवी जास्त तयार होते, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा वाटलं, आत्ताच तर जाऊन आले, मला काही रोग तर झाला नाही? ड्रायव्हरला गाडी थांबव म्हणायची सोय नव्हती. जीपमध्ये सगळे बाप्येच, आणि त्यांनी कुठे थांबायचं ठरवलं की ते रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहायचे. तसे ते एकदा राहिलेही. मी जीपमध्ये बसून समोरच्या काचेकडे पाहत होते.

आमच्याकडे पोर परीक्षेला निघालं की थोरामोठ्यांच्या पाया पडवतात. आणि आमच्याकडे घरी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत. चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराला नाही म्हणणं. या दोन्ही चांगल्या रिती. त्या दिवशी कारंज्यात दोघींची गाठ पडली आणि मधे मी सापडले.

बाबा मला आधी घेऊन गेले यशोदा आत्याकडे. आत्या बाबांची चुलत बहीण, बोलायला फटकळ आणि जिवाला जीव देणारी. तिच्या वाड्यामागं संडास होता. घरात शिरता शिरता मी हळूच तिच्या कानाशी लागले आणि जाऊन आले, म्हणून तेवढ्यापुरतं निभावलं. बाहेर आले तर चहाची बशी तयार. मी म्हटलं, "आत्या, मले नोको. घरून पिऊन आली."

"काहून वं? मास्तरीण व्हाच्या आंधीच आत्याचा चा कडू लागून राह्यला का?"

बाबा हसले. "घे, घे. मोठ्या मानसाले नाही म्हनू नाही." मी घेतला. पाया पडले. आत्यानं दही-साखर हातावर ठेवली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी पाजलं, दही घशाशी बसू नये म्हणून.

तिथून बाजारात, बाबा ज्यांच्याकडे कापूस घालायचे त्या अडत्याच्या पेढीवर. शेठ गादीवर, भोवती चार-पाच बाप्ये. "अरे वा, बिटियाची परीक्षा? अय, चहा सांग रे, पेशल. चहानं डोस्कं चालते." काचेच्या ग्लासात दुधाचा जाड चहा आला. बाबांचा ऊर भरून आला होता. शेठनं स्वतःहून चहा मागवला असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, माझ्यामुळे. मी तो ग्लास कसा परत करणार? तिथून बाबांच्या लहानपणच्या गुरुजींकडे. गुरुजी एकटेच राहायचे, त्यांच्या हाताला कंप होता, तरी त्यांनी स्वतः धने-जिरे भिजवलेलं पाणी गाळून मोठा पेला भरून आणला. "परीक्षेत डोक्यात उष्णता चढते बेटा. हे घे, गार राहशील." मी पेला रिकामा करीपर्यंत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. एवढ्या मायेनं मला कोणी कधी वागवलं नव्हतं. आणि त्या मायेतला एकेक घोट खाली उतरत होता.

गुरुजींच्या घरातून निघतानाच मला लागली होती. पण सोबत बाबा, आणि बाबांसमोर ती गोष्ट बोलायला माझ्याकडे शब्दच नव्हता. घरात त्यासाठी मायच्या भाषेतले इशारे होते, शाळेत करंगळी होती. बापाशी बोलायला काहीच नव्हतं. रस्त्यानं चालताना त्यांनी विचारलं, "काहून वं, बावरल्यावानी काहून करून राह्यली? भ्याची काही गरज नाही." मी मान हलवली. ते आनंदात पुढे चालत राहिले.

वर्गात माझा नंबर खिडकीपाशी. खिडकीखाली नळ, आणि नळाखाली पत्र्याचा ड्रम. नळाला पाणी आलं होतं. टप टप नाही, चांगली धार. पेपर हातात आला, मी पहिला प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि धारेचा आवाज डोक्यात असा भरला की अक्षरं दिसेनात. मी मांड्या आवळून लिहायला लागले. व्याकरण, संदर्भ, कविता, जे येईल ते भराभर. निबंध शेवटी ठेवला होता, आवडीचा घास शेवटी खावा तसा. मग राहवेना म्हणून करंगळी वर केली.

सुपरवायझर दुसऱ्या शाळेचे होते, जाड भिंगाचे. "काय, पुरवणी पाहिजे?"

"नाही सर. एकीले."

शेजारच्या बाकावरची पोट्टी फिदीफिदी हसली. सर म्हणाले, "पेपर चालू असताना कोणी बाहेर जायचं नाही. घरून करून येता येत नाही?"

मी बसले. त्या वेळी आमच्या भागात परीक्षा म्हणजे काय होतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. भिंतीवर चढून भाऊ, मामा, गाववाले चिठ्ठ्या फेकायचे. माझ्या मागच्या बाकावर एका पोट्ट्याला खिडकीतून चिठ्ठी आली, ती माझ्या खांद्याला घासून गेली. ती सरांना दिसली नाही. माझी करंगळी मात्र दिसली, कारण ती मी पुन्हा वर केली होती.

"पुन्हा तू? तिकडं कोण उभं आहे तुझं?"

"कोनी नाही सर. खरंच लागली."

"मुतारीला कुलूप आहे. कॉप्या निघाल्या तिथं. आता गप लिही."

मी म्हटलं, "सर, मी भित्तीमांगं जातो, सोबत बाई द्या." असं बोलायची हिंमत कुठून आली मला माहीत नाही. वर्ग हसला. सर जवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जायचं असेल तर पेपर जमा करून जा. आलीस की मिळणार नाही."

डॉक्टरीण बाई म्हणायच्या, माणूस घाबरला की अंगाला वाटतं आता पळायचं आहे, मग ते असेल नसेल ते टाकून द्यायला बघतं. ते गृहस्थ समोर उभे राहिले तेव्हा माझ्या अंगानं तेच ठरवलं. आणखी थोडं बसले असते तर बाकावरच झालं असतं, तीस-चाळीस पोरांसमोर, बाबांनी नव्यानं शिवून घेतलेल्या पोशाखात. मी पेपर त्यांच्या हातात दिला. निबंधाचं पान कोरं होतं. दारापर्यंत चालत गेले आणि तिथून पळाले. शाळेच्या मागं बाभळी होत्या. तिथं बसले. किती वेळ चाललं ते, देवच जाणे. उठल्यावर अंग पिसासारखं हलकं झालं आणि त्या हलकेपणाचं इतकं बरं वाटलं की पहिल्यांदा रडू आलं ते त्या बरं वाटण्याचंच. पेपरचं रडू नंतर आलं.

फाटकाबाहेर लिंबाखाली बाबा इतर पालकांत उभे. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी आयुष्यभर विसरणार नाही. "झाला बी? पाह्या, पाह्या, साऱ्याइच्या आंधी आमची पोट्टी! पोट्टे अजून घासून राह्यले." एक जण म्हणाला, "हुशार हाये भाऊ तुमची पोरगी." बाबांनी रसवंतीवाल्याला हाक मारली आणि बर्फ घातलेला उसाचा रस माझ्या हातात दिला. "पे माय, थकली असशीन." मी तो प्यायले. पूर्ण ग्लास.

दुसऱ्या पेपराआधी मी आदल्या दुपारपासून पाण्याला शिवले नाही. पहाटेचा चहा चुलीमागं ओतला. जीपमध्ये म्हटलं, "बाबा, आज कोनाकडे नोको जाऊ." ते म्हणाले, "असं कसं? एका दिवशी पाया पडलं अन् दुसऱ्या दिवशी नाही, लोक म्हनतीन काम झालं की इसरले." गेलो. मी बशीला नुसते ओठ लावले. एवढं करूनही घंटा झाली आणि पुन्हा लागली. पोटात पाणी नाही, जीभ टाळूला चिकटलेली, तरी लागली, आणि वर जळजळ. मला वाटलं, झालं, मला काही तरी लागिरलं. पाणी तोडलं की लघवी गढूळ आणि तिखट होते, पिशवीला ती टोचते आणि पिशवी आणखी घाई करते, हे मला कळायला अर्धं आयुष्य जावं लागलं. त्या दिवशी मी पूर्ण वेळ बसून राहिले आणि घड्याळाच्या काट्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. काय लिहिलं ते आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी जीप वस्तीपर्यंत घ्यायला आली होती, तिचा हॉर्न ऐकूनच मला कळ आली. अजून घरात होते, वेणी घालत होते. मी वेणी सोडली आणि म्हटलं, "मी नाही जात." बाबा दारात उभे, नवीन टोपी घालून. मायनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिला कळलं होतं. थेंबांचे डाग पडलेला माझा पोशाख तिनंच धुतला होता, तिला वहीतलं अक्षर वाचता येत नव्हतं पण कपडा वाचता येत होता. ती एवढंच म्हणाली, "दाबून ठेवा लागते माय. आमी नाही ठेवली जिंदगीभर?" बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली. ओरडले नाहीत, मारलं नाही. का, असंही विचारलं नाही. बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "जा तुमी. तिचं मन नाही शिक्याचं."

हे वाक्य मग वस्तीभर झालं. तिचं मन नव्हतं शिकायचं. स्थळ पाहताना सांगितलं गेलं, सासरी सांगितलं गेलं. मीही ऐकून ऐकून मान डोलवायला शिकले. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि मी सुरतेला आले. नवरा भला मिळाला, त्याची तक्रार नाही. कारखान्यात घड्या घालताना मी मुकादम बाईंना विचारून जायची, त्या कधी हो म्हणायच्या, कधी थांब म्हणायच्या. मी थांबायची. दाबून ठेवायला मी अखेर शिकलेच, आणि त्यापायी डॉक्टरीण बाईंच्या रांगेत जाऊन बसले.

परवा बाबांना फोन केला. भावाकडे असतात, ऐंशीच्या पुढे गेले. नातवाच्या लग्नाला या म्हटलं तर म्हणाले, "नाही जमत वं बाई. मले घडी घडी जा लागते. गाडी कोन थांबवते म्हाताऱ्यासाठी?"

मी म्हटलं, "चा कमी करा बाबा. संध्याकाळच्या बाद तं घेऊच नोका. गारठ्यात बसू नोका. अन् पानी नोका तोडू, उलटंच होते त्यानं. दवाखान्यात दाखवा."

"चा सोडून काय करू मंग, मरू?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तुले लई समजते वं यातलं."

"समजन नाही तं काय. माही दहावी यातच गेली."

"म्हंजे?"

मग मी सांगितलं. आत्याचा चहा, शेठचा चहा, गुरुजींचं पाणी, नळ, ते सर, बाभळी. इतक्या वर्षांनी बापाशी तो शब्द बोलले. सांगून झालं. मला वाटलं बाबा आता रडतील.

"मुताच्या पायी?" बाबा म्हणाले. "मुताच्या पायी शाळा सोडली तू?" आणि हसायला लागले. खोकत खोकत हसले. "अन् मी साऱ्या दुनियेले सांगत राह्यलो तुहं मन नव्हतं म्हनून! अवो माय... थांब, थांब. हासता हासता लागली मले. आलोच."

फोन खाटेवर तसाच ठेवला त्यांनी. खाट करकरली, काठी टेकली, चपला घासत अंगणात गेल्या. बाबा उठले आणि गेले. त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही.